पहिल्या पिढीत हरवलेला सुगंध

शिवथरच्या खोऱ्यात, वरंध घाटाच्या पायथ्याशी, भाताचं पीक कापणीपर्यंत उभं राहणं हीच मोठी गोष्ट असते. महाड-पोलादपूरच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. समर्थ रामदासांच्या घळीजवळचा धबधबा पाहायला लोक लांबून येतात, पण तेच डोंगरचं पाणी खाली बांधाबांधावरून खाचरांत उतरत असतं, त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जुनी उंच जात असली की लोंबी भरत येताना काडी वाकायला लागते. मग दसऱ्याच्या आगेमागे वाऱ्यासकट एखादी जोराची सर आली की अख्खं शेत आडवं होतं. लोळलेल्या भाताचा दाणा चिखलात पडल्या पडल्या कोंब धरतो आणि कापणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. खत जास्त घालावं तर काडी आणखी उंच होते आणि आणखी लवकर पडते.

घाट चढून भोरकडे गेलं की दुसरी गोष्ट कळते. सह्याद्रीच्या त्या अंगाला, भोर, मुळशी, मावळात, आंबेमोहोर पिकतो. शिजताना आंब्याच्या मोहोराची आठवण करून देणारा तो वास ज्यानं घेतलाय त्याला बाकीचा भात साधा वाटतो. पण आंबेमोहोरही उंच, पडणारा आणि उताऱ्याला कमी. तेव्हा मनात येणारा प्रश्न सरळ आहे : वास आंबेमोहोराचा आणि काडी ठेंगण्या भाताची, असं एकाच रोपात आणता येईल का?

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं ते आणलं. आंबेमोहोर-157 आणि ठेंगणा आयआर-8 यांच्या संकरातून निघालेली 'इंद्रायणी' 1987 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. आज पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानात इंद्रायणी तांदूळ मागताना तो एका संकराचा नातू-पणतू आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मला मात्र त्यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. असा संकर करण्याआधी, एकही दाणा न पेरता, किती पिढ्यांनी काय दिसेल आणि दर सोळा रोपांमागे साधारण किती रोपं आपल्याला हवी तशी निघतील, हे पेन्सिलीनं कागदावर मांडता येतं. आणि त्या हिशेबाची सुरुवात पाहून कोणीही निराश होईल.

आधी संकर होतो कसा ते पाहू, कारण भाताचं फूल फार कमी लोकांनी निरखलेलं असतं. ज्याला आपण साळ म्हणतो त्या दोन तुसांच्या आतच सगळा संसार असतो : सहा पुंकेसर आणि मधोमध पिसासारखी दोन तुऱ्यांची कुक्षी. भात निसवलं की सकाळी दहाच्या सुमारास ही तुसं उघडतात, पुंकेसर बाहेर लोंबतात, तासाभरात फूल पुन्हा मिटतं. पण उघडता उघडताच पराग स्वतःच्याच कुक्षीवर सांडलेला असतो. भात हे असं आपल्याच परागावर फळणारं पीक आहे, म्हणून एक जात वर्षानुवर्षं तशीच राहते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना 1983 मध्ये आपल्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपून, पुन्हा पुन्हा लावून 'एचएमटी' हा वाण तयार केला, तो याच गुणामुळे टिकला. वेगळेपण एकदा हाती लागलं की भात ते सांभाळतो.

संकर करायचा तर हा संसार मोडावा लागतो. ज्या रोपाला आई करायचं त्याची अर्धी निसवलेली लोंबी घ्यायची. शेंड्याची उमललेली आणि बुडाची कोवळी फुलं काढून टाकायची. उरलेल्या प्रत्येक फुलाचा वरचा तिसरा हिस्सा बारीक कात्रीनं तिरका छाटायचा आणि चिमट्यानं सहाच्या सहा पुंकेसर उचलायचे. एक जरी राहिला तरी मेहनत फुकट. हे काम आदल्या संध्याकाळी करतात आणि लोंबीवर बटर पेपरची पिशवी चढवतात. दुसऱ्या दिवशी फुलं उमलायच्या वेळेला बाप ठरवलेल्या रोपाची लोंबी आणून तिच्यावर झटकतात. भाताचा पराग काही मिनिटंच जिवंत राहतो, तेवढ्यात सगळं उरकायचं. दाणा धरला की तो ओळखूही येतो : छाटलेल्या तुसातून तांदळाचं डोकं उघडं दिसतं.

हे उघड्या डोक्याचे दाणे पुढच्या हंगामात लावले की पहिली पिढी उगवते. आंबेमोहोर उंच आणि सुगंधी, आयआर-8 ठेंगणा आणि बिनवासाचा. त्यांची मुलं कशी? उंच. आणि पानाला वास नाही. म्हणजे आपल्याला नको होतं तेच दोन्हीकडून आलं, हवं होतं ते दोन्ही गेलं! ज्याला पुढचं ठाऊक नाही तो इथेच संकर फसला म्हणून रोपं उपटून टाकेल.

पुढचं पहिल्यांदा ज्याला नीट दिसलं तो ब्रनो शहरातल्या मठात राहणारा ग्रेगोर मेंडेल. 1856 ते 1863 या काळात त्यानं वाटाण्याची हजारो रोपं लावली. त्याच्याआधीही लोक संकर करत होते, पण मुलं आईबापांच्या 'मधली' निघतात असं म्हणून सोडून देत. मेंडेलनं मोजलं. उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांची पहिली पिढी सगळी उंच झाली. तिला स्वतःच्याच परागावर फळू दिलं, तेव्हा पुढच्या पिढीत 1,064 रोपांपैकी 787 उंच आणि 277 बुटकी निघाली. म्हणजे जवळजवळ तीनास एक. बुटकेपणा एका पिढीत नाहीसा झाला आणि नातवंडांत जसाच्या तसा परत आला. फिकटसुद्धा झाला नव्हता.

त्याचा अर्थ मेंडेलनं असा लावला. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती रोपात असतात, एक आईकडून, एक बापाकडून. पहिल्या पिढीच्या रोपात एक प्रत उंचीची, एक बुटकेपणाची. उंचीची प्रत प्रभावी, म्हणून रोप उंच. पण पराग किंवा बीजांड तयार होताना या दोन प्रती वेगळ्या होतात आणि प्रत्येकात एकच जाते. अर्धे पराग उंचीचे, अर्धे बुटकेपणाचे. बीजांडांचंही तेच. मग गाठी पडायच्या चारच तऱ्हा राहतात : उंच-उंच, उंच-बुटका, बुटका-उंच, बुटका-बुटका. चारही सारख्याच शक्यतेच्या, आणि खरोखर बुटकी होणारी फक्त शेवटची. म्हणून चारात एक.

एवढ्यावर तो थांबला नाही, आणि मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. त्याचं म्हणणं खरं असेल तर त्या उंच रोपांतही दोन प्रकार लपलेले असणार : तीनातलं एक निव्वळ उंच आणि दोन पोटात बुटकेपणा बाळगणारी. दिसायला अगदी सारखी. मग त्यानं शंभर उंच रोपांची मुलं वाढवून पाहिली. 28 रोपांची सगळी मुलं उंच निघाली, 72 रोपांच्या मुलांत बुटकीही निघाली. एकास दोनाच्या बऱ्यापैकी जवळ. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल आधी सांगायचं आणि मग मातीत उगवून दाखवायचं, हे त्या काळातल्या वनस्पतिशास्त्रात फारसं कुणी करत नव्हतं. 1866 मध्ये त्याचा निबंध छापला गेला आणि 1900 पर्यंत जवळपास कुणी त्याची दखल घेतली नाही. तोवर मेंडेलला जाऊन सोळा वर्षं झाली होती.

आता भाताकडे. आयआर-8 हा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा वाण, 1966 चा. त्याची एक बाजू 'पेटा' हा इंडोनेशियातला उंच भात, दुसरी बाजू तैवानकडचा ठेंगणा 'डी-जिओ-वू-जेन'. 1962 मध्ये हा संकर झाला तेव्हाही पहिली पिढी सगळी उंच आली, आणि त्यापुढच्या पिढीत चारातलं एक रोप ठेंगणं निघालं. शास्त्रज्ञांना हायसं वाटलं असणार, कारण त्याचा अर्थ ठेंगणेपणा एकाच जनुकात आहे, म्हणजे तो दुसऱ्या कुठल्याही भातात नेता येईल. तसा तो नेलाही. आपल्याकडची 'जया', रायगडात अनेकांनी लावलेली, तीही त्याच ठेंगण्या भाताच्या वंशातली.

हे जनुक म्हणजे नेमकं काय, ते 2002 मध्ये कळलं. रोपाची काडी लांबवणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक असतं. ते बनवण्याच्या साखळीतल्या एका विकराची कृती या जनुकात लिहिलेली असते. डी-जिओ-वू-जेनमध्ये त्या जनुकातली 383 अक्षरं गळून गेलेली आहेत. कृती अर्धवट, विकर निकामी, जिबरेलिन कमी, काडी आखूड. दोन प्रतींपैकी एक जरी शाबूत असली तरी पुरेसं विकर बनतं आणि रोप उंच वाढतं. 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' या शब्दांमागचं रहस्य पुष्कळदा एवढंच असतं.

आणि मेंडेलचा बुटका वाटाणा? त्याचं जनुक 1997 मध्ये सापडलं होतं. तेही जिबरेलिनच्याच साखळीतल्या एका विकराचं, फक्त पायरी वेगळी. तिथे एकच अक्षर बदललेलं आहे. मठाच्या बागेतला वाटाणा आणि तैवानचा भात, दोन्हीकडे काडी आखूड झाली ती एकाच साखळीचा दुवा ढिला पडल्यामुळे. त्या संप्रेरकाचा शोधही मुळात भातावरच लागला होता : जपानमध्ये बुरशीच्या एका रोगानं भाताची रोपं पिवळट पडून वेड्यासारखी उंच वाढत, तिथून जिबरेलिन हाती आलं.

वासाचीही तीच कथा. सुगंधी भातात जो मुख्य वास असतो तो पुष्कळ जातींत एक जनुक बिघडल्यामुळे येतो. ते जनुक शाबूत असलं की वासाच्या द्रव्याचा कच्चा माल दुसरीकडे वळवला जातो, वास साठत नाही. बिघडलं की साठतो. म्हणजे सुगंध हा इथे एका गोष्टीच्या अभावातून आलेला आहे! एक शाबूत प्रत पुरे पडते, म्हणून सुगंधही अप्रभावी. वास तपासायची सोपी रीत भारतीय शास्त्रज्ञांनीच 1978 मध्ये दिली : पानाचे बारीक तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात दहा मिनिटं ठेवायचे आणि झाकण उघडून हुंगायचं. दाणा पिकायची वाट पाहावी लागत नाही.

आता दोन्ही एकत्र मांडू. उंचीचं जनुक भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर, वासाचं आठव्या. ती एकमेकांशी बांधलेली नाहीत, म्हणून एकाची वाटणी दुसऱ्याच्या आड येत नाही. ठेंगणं निघण्याची शक्यता चारात एक, सुगंधी निघण्याची चारात एक, दोन्ही एकदम निघण्याची चार चोक सोळात एक. दुसऱ्या पिढीची 1,600 रोपं लावली तर अंदाजे 900 उंच-बिनवासाची, 300 उंच-सुगंधी, 300 ठेंगणी-बिनवासाची आणि 100 ठेंगणी-सुगंधी. त्या शंभरांकडे नीट पाहा. दोन्ही गुण अप्रभावी, म्हणजे त्यांच्यात दुसरी प्रत लपून बसायला जागाच नाही. या दोन गुणांपुरती ती रोपं त्याच दिवशी शुद्ध झाली, त्यांची मुलं-नातवंडं ठेंगणी आणि सुगंधीच निघणार. पहिल्या पिढीत ज्यांचा मागमूस नव्हता ते दोन गुण परतले ते कायमचे.

अर्थात सोळात एक म्हणजे सोळा रोपं लावून भागत नाही, कारण गाठी नशिबानं पडतात. निदान एक तरी हवं तसं रोप मिळेल याची शंभरात नव्व्याण्णव खात्री हवी असेल तर 72 रोपं लावावी लागतात. तिसरा अप्रभावी गुण जोडला की चौसष्टात एक, आणि खात्रीसाठी 293 रोपं. दहा गुण एकदम मागितले तर दहा लाखांहून जास्त रोपांत एक! म्हणून संशोधन केंद्रांची खाचरं मोठी असतात आणि काम वर्षानुवर्षं चालतं. इंद्रायणीचा वास अस्सल आंबेमोहोराइतका दाट नाही, हेही खाणाऱ्याला कळतं. वासाच्या मुख्य जनुकाला साथ देणारी इतरही असतात, माती-हवामानाचाही हात असतो. कागदावरचा हिशेब मुख्य दोन गुणांचा, ताटातला भात हजारो जनुकांचा.

हे सगळं मोजून, अनुमानानं कळलेलं. पण प्रती वेगळ्या होताना प्रत्यक्ष पाहता येतात का? येतात, आणि तेही भातात, भारतात दाखवलं गेलं. कोइमतूरला काम करणाऱ्या एफ. आर. पार्नेल यांनी 1921 मध्ये त्यावर टिपण लिहिलं. आसामात ज्याला बोरा म्हणतात तसा अगदी गच्च चिकटणारा भात असतो. (आपली इंद्रायणी मऊ-चिकट होते ते प्रकरण वेगळं.) त्या भाताच्या पिठात एका प्रकारचा स्टार्च नसतोच, म्हणून आयोडीनचा थेंब पडला की ते पीठ निळं-काळं न होता तांबूस होतं. परागकणातही हेच पीठ असतं. आता साधा आणि चिकट यांच्या संकराची पहिली पिढी घ्या, उमलायच्या बेतातलं एक फूल काचेवर फोडा, आयोडीन टाका आणि सूक्ष्मदर्शकातून पाहा : निम्मे कण निळे-काळे, निम्मे तांबूस. एकाच झाडाचे, एकाच पुंकेसरातले. रोप साधं दिसतं, पण त्याच्या परागात आई आणि बाप दोघांचा वारसा बरोब्बर अर्धा अर्धा मांडून ठेवलेला. मेंडेलनं जे मनानं ओळखलं होतं ते इथे रंगात दिसतं. प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत हे दाखवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, सूक्ष्मदर्शक आणि आयोडीन तर तिथे असतंच.

हाच नियम कळला की कोकणातली दोन कोडी सुटतात. कर्जतच्या केंद्रानं 1998 मध्ये 'सह्याद्री' हा संकरित भात दिला. त्याचं बियाणं दरवर्षी नवं का घ्यावं लागतं? कारण शेतात उभी असते ती पहिली पिढी, सगळी एकसारखी आणि जोमदार. तिचंच धान्य बी म्हणून राखलं की पुढच्या वर्षी दुसरी पिढी येते आणि लपलेलं सगळं बाहेर पडतं : उंची वेगवेगळी, निसवणं मागेपुढे, दाणा जाडा-बारीक मिसळलेला.

आणि हापूसच्या बाठीतून हापूस का येत नाही? आंब्याच्या झाडात अनेक जनुकांच्या दोन प्रती एकमेकींहून वेगळ्या असतात. मेंडेलनं वाटाण्याच्या शुद्ध जाती आधी दोन वर्षं पारखून घेतल्या होत्या, आंब्याला ते भाग्य नाही. त्यामुळे आंब्यात पहिल्याच पिढीला फाटे फुटतात, प्रत्येक रोप वेगळं. म्हणून कलम. वेंगुर्ल्याच्या केंद्रानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये 'रत्ना' काढला, त्यात हापूसच्या गरात होणारा 'साका' हा बिघाड नाही. पण एकेका झाडाला फळ धरेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं आणि मग त्यातून एक निवडायचं, ही चिकाटी भाताच्या संकरापेक्षा निराळीच.

शिवथर-पोलादपूरच्या शेतकऱ्याकडे लाल तांदळाचं जुनं बियाणं शिल्लक असेल, तर तो स्वतःही एक प्रयोग करू शकतो, फक्त हात हलका आणि डोळे चांगले हवेत. लाल आणि पांढऱ्या भाताचा संकर करायचा, पांढऱ्याला आई करून. दाणा धरेल तो पांढराच दिसेल. त्यानं घाबरायचं नाही. तांदळाचा लाल रंग असतो कोंड्यात, आणि कोंडा आईच्या अंगाचा भाग असतो, बाळाचा नव्हे. तो दाणा पेरून जे रोप येईल त्याच्या सगळ्या लोंब्यांत लाल तांदूळ भरेल, कारण लाल प्रभावी. त्या रोपाचं सगळं बी पुढच्या पावसाळ्यात वेगळं लावायचं, आणि कापणीला प्रत्येक रोपाची एक लोंबी सोलून रंग लिहून ठेवायचा.

इथे खरी मजा आहे. लाल रंगाला दोन जनुकं लागतात. एक रंगाची सुरुवात करतं, दुसरं तो लाल करतं. पहिलं असून दुसरं नसेल तर कोंडा तपकिरी राहतो. पहिलंच नसेल तर दुसरं असलं काय, नसलं काय, तांदूळ पांढरा. म्हणजे पांढऱ्या भाताकडे बघून त्याच्यात दुसरं जनुक शाबूत आहे की बिघडलेलं, हे कळायला मार्ग नाही. नातवंडं ते सांगतात. मोजणीत लाल आणि पांढरी रोपं तीनास एक निघाली, तर पांढऱ्या आईत दुसरं जनुक चांगलं होतं. आणि मधेच तपकिरी रोपं दिसू लागली, दर सोळामागे अंदाजे नऊ लाल, तीन तपकिरी, चार पांढरी, तर ते आईत बिघडलेलं होतं. दीडशे-दोनशे रोपं असली की दोन्हींतला फरक स्पष्ट होतो, आणि एकही तपकिरी लोंबी सापडली तरी उत्तर जवळजवळ मिळालंच.